सिडनी–होबार्टची पहिली रात्र : वादळात नव्या खलाशाने काय करावे?

प्रश्न विचारणारे वाचक मुंबईत डिंगीवर (शिडाच्या छोट्या होडीवर) शीड हाताळायला शिकले आणि आता सिडनीत राहून तिथल्या बंदरातल्या संध्याकाळच्या शर्यतींत नियमित भाग घेतात. ४० फुटी बोटीच्या एका कप्तानाने त्यांना येत्या डिसेंबरच्या सिडनी–होबार्ट शर्यतीसाठी, म्हणजे सिडनीहून टास्मानियातल्या होबार्टपर्यंतच्या शिडाच्या बोटींच्या शर्यतीसाठी, जिबच्या (पुढच्या शिडाच्या) विंचवर, म्हणजे दोर ओढण्याच्या चक्रावर, बोलावले आहे. उघड्या समुद्रात रात्र काढण्याचा अनुभव त्यांना नाही. पहिल्याच रात्री वादळ आले तर नव्या माणसाने नेमके काय करावे, तयारी कोणती करावी आणि नकार केव्हा द्यावा, असे त्यांनी विचारले आहे.

सर्वांत आधी अपेक्षेविषयी बोलतो, कारण बहुतेक नवे खलाशी चुकीच्या अपेक्षेने बोटीवर चढतात. त्या रात्री तुमच्याकडून कोणालाही शौर्य नको असते. पहाटे तीन वाजता तुमची पाळी सुरू होईल तेव्हा अंगात ऊब असावी, पोटात काहीतरी असावे, सुरक्षेचा पट्टा बोटीला अडकवलेला असावा आणि सांगितलेले एक काम तुम्हाला नीट करता यावे, एवढेच कप्तानाला हवे असते. वादळाशी दोन हात करण्याची बहुतेक कामे वादळ येण्यापूर्वीच्या तासाभरात उरकलेली असतात. ज्या बोटीवर ती उरकलेली नसतात तिथेच अंधारात डेकवर धावपळ होते, आणि माणसे जखमी होतात ती बहुधा या धावपळीत.

शर्यत ६२८ सागरी मैलांची आहे आणि १९४५ पासून, २०२० चा अपवाद वगळता, दर वर्षी २६ डिसेंबरला दुपारी सिडनी बंदरातून सुटते. कोकणात परंपरेने होड्या पावसाळ्याआधी किनाऱ्यावर ओढून घेतात आणि नारळी पौर्णिमेनंतरच पुन्हा पाण्यात लोटतात. इथे तारीख आधी ठरते आणि हवामान नंतर कळते. पहिली दुपार पुष्कळदा ईशान्येच्या उबदार वाऱ्यावर, मोठे स्पिनेकर (मागच्या वाऱ्यावर लावायचे फुगीर शीड) फुगवून, मजेत जाते. किनाऱ्यालगतचा पूर्व ऑस्ट्रेलियन प्रवाहही दक्षिणेकडे वाहत असल्याने दोन-अडीच नॉटचा (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वेग फुकट मिळतो. मग दक्षिणेकडून थंड हवेची आघाडी येते आणि वारा काही मिनिटांत उलटून समोरून ३० ते ४० नॉटने वाहू लागतो. दुपारी ज्याने मदत केली तोच प्रवाह आता वाऱ्याच्या विरुद्ध वाहत असतो, त्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या होतात, बोट प्रत्येक लाटेवरून खाली आपटते आणि जेमतेम बारा तासांपूर्वी किनाऱ्यावर जेवलेला खलाशी, ज्याच्या शरीराला समुद्राची अजून सवयही झालेली नाही, ओला होऊन उलट्या करू लागतो. पहिली रात्र अवघड जाते ती या योगामुळे. त्यानंतर येणारी, ऑस्ट्रेलियाची मुख्य भूमी आणि टास्मानिया यांच्यामधली बास सामुद्रधुनी सरासरी ६० मीटरच्या आसपासच खोल असल्यामुळे पश्चिमेकडून येणाऱ्या लाटा तिथे आणखी उग्र होतात. पण तोवर तुम्ही बोटीच्या दिनक्रमात रुळलेले असाल.

हवामानाचा अंदाज वाचायला शिका, मग ते काम बोटीचा मार्ग ठरवणाऱ्या दुसऱ्या कोणाकडे असले तरी. अंदाजात ३५ नॉट लिहिलेले असतात ते सरासरी वाऱ्याचे. ऑस्ट्रेलियाचे हवामान खाते आपल्या सागरी अंदाजांतच सांगते की झोत सरासरीपेक्षा ४० टक्के जोरदार असू शकतात आणि सर्वांत मोठी लाट दिलेल्या उंचीच्या दुपटीपर्यंत जाऊ शकते, कारण दिलेली उंची ही सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. म्हणजे ३५ नॉट आणि ४ मीटर असे वाचले की मनात ४९ नॉट आणि ८ मीटर धरावे. १९९८ च्या शर्यतीनंतर झालेल्या चौकशीत नेमका हा मुद्दा पुढे आला होता. त्या वर्षी ११५ बोटी सुटल्या आणि ४४ च होबार्टला पोहोचल्या. पाच बोटी बुडाल्या, सहा खलाशी मृत्युमुखी पडले आणि पंचावन्न जणांना समुद्रातून वाचवावे लागले. अंदाज बहुतेक सर्वांच्या हाती होता. त्यातल्या आकड्यांचा अर्थ सर्वांनी सारखा लावला नव्हता. दुसरे गणित याहून सोपे आहे. शिडावरचा दाब वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून २० नॉटचे ३० झाले की दाब सव्वादोन पट होतो आणि ४० झाले की चौपट. ‘वारा थोडा वाढलाय’ असे डेकवर कोणी म्हणाले तर हे आठवावे.

यातूनच शीड लहान करण्याची, म्हणजे रीफ घेण्याची वेळ ठरते. माझे मत स्पष्ट आहे : वाऱ्यातला बदल रात्री येणार असेल तर पहिला रीफ उजेड असतानाच बांधावा आणि स्पिनेकर आघाडीच्या निदान अर्धा तास आधी खाली, पिशवीत आणि केबिनमध्ये असावे. यात थोडा वेग जातो आणि शर्यतीच्या ईर्ष्येने भरलेल्या कप्तानाला ते आवडत नाही, पण फाटलेले स्पिनेकर डोलकाठीला गुंडाळले गेले की त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो. तुमचे काम असे की मेनसेलचा (मुख्य शिडाचा) रीफ घेण्याचा क्रम तुम्हाला डोळे मिटून यायला हवा : मेनशीट (मुख्य शीड आवरणारा दोर) सैल, व्हँग (शिडाखालचा आडवा दांडा, म्हणजे बूम, खाली धरणारा दोर) सैल, हॅलियार्ड (शीड वर चढवणारा दोर) खुणेपर्यंत खाली, शिडाचा पुढचा कोपरा आकड्यात, हॅलियार्ड पुन्हा ताठ, मग मागच्या कोपऱ्याची रीफलाइन विंचवर घट्ट आणि शेवटी मेनशीट आत. यातली व्हँगची पायरी अंधारात हमखास विसरली जाते; मग रीफलाइन कितीही ओढली तरी बूम उचलली जात नाही, विंचवरचा माणूस जोर लावत राहतो आणि शीड फाटते. विंच अचानक जड झाली की जोर वाढवू नका, थांबा आणि काय अडकले ते विचारा. हॅलियार्डवरच्या खुणा, कोणता दोर कोणत्या क्लीटवर (दोर अडकवायच्या खिट्टीवर) येतो आणि रिकामी हँडल कुठे ठेवायची, हे बोट बंदरात बांधलेली असताना एखाद्या संध्याकाळी दिवे न लावता हाताने चाचपून पाठ करावे. डिंगीवर शिकलेल्या माणसाला वाऱ्याची जाण चांगली असते, मात्र दोरांवरच्या ताणाचा अंदाज नसतो. ४० फुटी बोटीची ताणलेली जिबशीट (जिब आवरणारा दोर) विंचवरून सोडताना बोटे आत सापडली तर ती तुटू शकतात. तळहात सपाट ठेवून वेढे आधी ढिले करावेत, मगच दोर काढावा.

आता बूमविषयी. नवा खलाशी लाटांना भितो, आणि ते साहजिकच आहे, पण डेकवर सर्वांत धोकादायक वस्तू बूम आणि तिला आवरणारी मेनशीट हीच असते. २०२४ च्या शर्यतीत पहिल्याच रात्री, न्यू साउथ वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यापासून दूर समुद्रात, दोन वेगवेगळ्या बोटींवर दोन अनुभवी खलाशांचा मृत्यू झाला. एकाला बूमचा आघात झाला आणि दुसऱ्याला मेनशीटचा. दोघेही बोटीवरच होते. मागून वारा असताना लाटेने बोटीचा मागचा भाग फिरवला किंवा सुकाणू क्षणभर चुकले तर बूम डोक्याच्या उंचीवरून या बाजूची त्या बाजूला इतक्या झपाट्याने येते की ओरडायलाही वेळ मिळत नाही. म्हणून मेनशीट ज्या पट्ट्यात फिरते तिथे कधीही बसू नये, उभे राहू नये, तिथून दोर ओढू नये. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायचे असेल तर सुकाणू धरणाऱ्याला सांगावे, त्याचा होकार ऐकावा आणि वाकून नव्हे, रांगत जावे. मागच्या वाऱ्यात बूम पुढे बांधून ठेवणारा प्रिव्हेंटर लावला आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण तो लावलेला असला तरी तुटू शकतो हे धरून चाला.

पट्ट्याचा नियम साधा आहे. केबिनच्या जिन्यातून डोके बाहेर काढण्यापूर्वी हुक अडकवायचा आणि आत उतरून पाय खाली टेकल्यावरच सोडायचा. बहुतेक माणसे या दोन क्षणीच मोकळी सापडतात. दोन टोकांचा पट्टा वापरावा, एक टोक सुमारे दोन मीटरचे आणि दुसरे एक मीटरचे, आणि काम करताना जमेल तिथे आखूड टोकच अडकवावे, कारण लांब पट्ट्याने माणूस कठड्यापलीकडे पाण्यात जाऊ शकतो, आणि चालत्या बोटीने पाण्यातून ओढला जाणारा माणूस लाइफजॅकेट घातलेले असूनही बुडू शकतो. डेकवर पसरलेल्या सपाट पट्टीला वाऱ्याकडच्या बाजूने अडकवावे. त्यामुळे पडलात तरी बोटीतच पडता. हुक कशात गुंतलेला नाही, तो मोकळा फिरतो, हेही पाहावे. २०१७ साली क्लिपर जगप्रदक्षिणा शर्यतीत दक्षिण महासागरात एक खलाशी पट्टा लावलेला असताना बोटीबाहेर गेला. त्याचा हुक डेकवरच्या क्लीटखाली आडवा अडकला होता, आडव्या ताणाने तो वाकून उघडला आणि माणूस बोटीपासून सुटला. पट्टा स्वतःच्या मालकीचा घ्यावा, बोटीवर ठेवलेला जुना उसना घेऊ नये. लाइफजॅकेटची मांड्यांमधली पट्टी कितीही अडचणीची वाटली तरी घट्ट बांधावी, कारण तिच्याविना फुगलेले जॅकेट डोक्यावरून निघू पाहते.

शरीराविषयी मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण कप्तान याबद्दल क्वचितच बोलतात. बोट लागणे हा दुबळेपणा नाही. नावाजलेले खलाशीही पहिल्या रात्री आडवे होतात. डॉक्टरांना विचारून गोळी ठरवावी, ती आधी घरी घेऊन पाहावी, कारण काहींना तिने इतकी गुंगी येते की तिच्यापेक्षा उलटी परवडली, आणि शर्यतीच्या वेळी पहिली गोळी आदल्या रात्री घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. कानामागे लावायची पट्टी वापरत असाल तर तिला लागलेला हात डोळ्याला लावू नका. बाहुली विस्फारते आणि दिसणे धूसर होते. उलटी होणार असे वाटले तर बादली किंवा पिशवी मागावी. त्यासाठी कठड्यावर ओणवे होऊ नये. तीच गोष्ट लघवीची. पुरुष मंडळी बोटीच्या मागच्या कठड्याशी उभे राहून हा विधी उरकतात, आणि त्या वेळी दोन्ही हात गुंतलेले असतात. वादळात हे काम केबिनमधल्या संडासात बसूनच करावे, कोणी हसले तर हसू द्यावे.

सुती कपडा अंगावर एकही नको, आतल्या कपड्यांसह. लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा थर आत, त्यावर उबदार थर आणि बाहेर जलरोधक पोशाख. तो भिजल्यावर नाही, भिजण्याआधी चढवायचा. काळोख होण्यापूर्वी गरम काहीतरी खाऊन घ्यावे, कारण वारा उलटल्यावर शेगडी पेटवणे अशक्य होते. खिशात चिक्की, खजूर, राजगिऱ्याचे लाडू असे एका हाताने खाता येईल ते ठेवावे. शर्यतीच्या दुकानांतल्या महागड्या वड्यांपेक्षा चिक्की मला सरस वाटते, फक्त ती हवाबंद पिशवीत हवी. पाणी तहान नसली तरी प्यावे.

पाळी संपली की झोपणे हेही काम आहे आणि नव्या माणसाला ते सर्वांत अवघड जाते. चार तास काम आणि चार तास विश्रांती अशी पाळी असेल तर ओले कपडे काढण्यात आणि पुन्हा चढवण्यात त्यातला तासभर जातो. झोप लागो न लागो, वाऱ्याकडच्या बंकवर (झोपायच्या फळीवर) आडवे व्हावे, पडू नये म्हणून बाजूचा पडदा बांधून घ्यावा आणि डोळे मिटावेत. सामान बांधलेले ठेवावे. बोट आडवी झाली तर डब्यापासून बॅटरीपर्यंत प्रत्येक सुटी वस्तू अंगावर येते. जिन्याच्या तोंडाच्या फळ्या जागेवर आहेत ना आणि त्या दोरीने बांधलेल्या आहेत ना, हे वर-खाली करणाऱ्या प्रत्येकाने पाहायचे असते. बोट कलंडली तर पाणी आत शिरते ते तिथूनच.

डेकवर असताना डोक्यावरचा दिवा लालच ठेवावा आणि कोणाच्या तोंडावर मारू नये, कारण एकदा दिपलेल्या डोळ्यांना अंधार सरावायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. मोठ्या वाऱ्यात सुकाणू धरणारा अर्ध्या तासाने बदलावा. थकलेला माणूस आपण थकलो आहोत हे कबूल करत नाही. सुकाणू धरणारा मोठी लाट पाहून ओरडतो तेव्हा हातातले काम सोडून आधी काहीतरी पकडायचे. प्रत्येक हुकुमाला मोठ्याने उत्तर द्यावे. वाऱ्यात शब्द उडून जातात, आणि उत्तर आले नाही तर समोरच्याला कळत नाही की तुम्ही ऐकले की पडलात.

माणूस पाण्यात पडला तर पाहणाऱ्याने ओरडावे, त्याच्याकडे हाताचे बोट रोखून ठेवावे आणि काहीही झाले तरी नजर हलवू नये. बाकीच्यांनी बोट थांबवावी, तरंगणारी साधने फेकावीत, बोटीची जागा दाखवणाऱ्या उपकरणावर त्या ठिकाणाची खूण करावी. इंजिन सुरू करण्याआधी पाण्यात लोंबणारे दोर आत घ्यावेत. याचा सराव झाला असेल तरच हे त्या रात्री होते. २०२४ च्या त्याच रात्री दुसऱ्या एका बोटीवरून एक खलाशी लाटेबरोबर बाहेर फेकला गेला, बोटीपासून सुमारे एक किलोमीटर वाहत गेला आणि तरीही जिवंत मिळाला, कारण त्याच्या अंगावरच्या संदेशयंत्राने त्याचा ठावठिकाणा दिला. हे यंत्र लाइफजॅकेटलाच बांधलेले असावे, बॅगेत नव्हे.

बोट सोडण्याविषयी एकच सांगतो. १९७९ च्या इंग्लंडमधल्या फास्टनेट शर्यतीत आयर्लंडच्या दक्षिणेकडच्या केल्टिक समुद्रात आलेल्या वादळात १५ खलाशी गेले. तेव्हा माणसांनी २४ बोटी सोडून दिल्या, आणि त्यांपैकी पाचच बुडाल्या. बाकीच्या नंतर तरंगताना सापडल्या. १९९८ मध्ये विन्स्टन चर्चिल ही बोट खरोखरच बुडाली, पण तिचे तीन खलाशी गमावले ते बचावाच्या तराफ्यात चढल्यानंतर. आपल्याकडचे उदाहरण अभिलाष टॉमी यांचे आहे. २०१८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने करायच्या जगप्रदक्षिणा शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात त्यांची गोव्यात बांधलेली थुरिया ही बोट उलटीपालटी झाली, डोलकाठी गेली, पाठीला गंभीर दुखापत झाली, आणि ते तीन दिवस त्या मोडक्या बोटीतच पडून राहिले; मासेमारीवर देखरेख करणारे फ्रेंच गस्ती जहाज ओसिरिसने त्यांना तिथून उचलले. पाय ठेवायला बोट आहे तोवर तराफ्यात उतरायचे नाही. हा निर्णय तुमचा नसेल, पण घाबरून घाई करणाऱ्याला आवरणे तुमच्या हाती असते.

माघार घेण्याचा निर्णयही कप्तानाचाच. शर्यतीच्या नियमांप्रमाणे भाग घ्यायचा का आणि शर्यत पुढे चालू ठेवायची का, याची जबाबदारी सर्वस्वी बोटीची असते, आयोजकांची नसते. १९९८ नंतर या शर्यतीत अशी पद्धत आली की बास सामुद्रधुनीत शिरण्यापूर्वी, ग्रीन केप या भूशिराच्या सुमारास, प्रत्येक बोटीने बोट, माणसे आणि संपर्कयंत्रणा धड असल्याचे आयोजकांना कळवायचे. त्या कळवण्यात खरेपणा असण्यासाठी खालच्या माणसाने वर खरे सांगितले पाहिजे. तळाशी पाणी वाढते आहे, बंकखालून करकर ऐकू येते, उलट्या करणाऱ्या सोबत्याने सहा तासांत पाणी प्यायलेले नाही, तो असंबद्ध बोलतो आहे : हे तुम्हालाच आधी दिसते. ते लगेच सांगा. मात्र परत फिरणे म्हणजे आपोआप सुरक्षित होणे असे मानू नका, कारण वळताना बोट लाटांना आडवी होते. १९९८ च्या त्याच हवामानात एएफआर मिडनाइट रॅम्बलर ही ३५ फुटी बोट पुढे जात राहिली आणि बोटींच्या क्षमतेनुसार जुळवलेल्या वेळेच्या हिशेबाने विजेती ठरली.

नकार केव्हा द्यावा? कप्तानाला विचारा की याच माणसांसह रात्री रीफ घेण्याचा आणि वादळी जिब चढवण्याचा सराव केव्हा ठरला आहे, आणि माणूस पाण्यातून बाहेर काढण्याची पद्धत कोणती. उत्तरात तारीख आली तर जा. ‘बघू, बोट मजबूत आहे’ असे उत्तर आले, किंवा पट्टा सक्तीचा आहे का या प्रश्नावर खांदे उडवले गेले, तर आभार मानून बाहेर पडा. सिडनीत तुमच्यासारख्या खलाशाला दुसरी बोट मिळते. स्वतःच्या बाजूने समुद्रातील बचावाचे अधिकृत प्रशिक्षण आताच घ्या. चालकदलातल्या किमान निम्म्यांनी ते घेतलेले असावे अशी अट आहेच, पण तुम्ही बाकीच्या निम्म्यांत राहू नका. तिथल्या तलावात पूर्ण पोशाखासह, फुगलेले जॅकेट घालून, उलटलेला तराफा सरळ करायला लावतात. आणि डिसेंबरपूर्वी किनाऱ्यालगतची एखादी रात्रभराची लहान शर्यत याच बोटीवर, याच लोकांबरोबर करा. तिच्यात तुम्हाला कोणती गोळी चालते, कोणते हातमोजे गळतात आणि पहाटे तीन वाजता हा कप्तान कसा बोलतो, हे तिन्ही कळेल.